पिक्सी: फॉर्मल बुटातला गोल आणि न मारलेली पेनल्टी

दहानंबरी

१७ ऑक्टोबर २००९. योकोहामाच्या निस्सान स्टेडियमवर मारिनोस विरुद्ध नागोया ग्रॅम्पस, जपानच्या जे-लीगमधली मॅच. एक खेळाडू दुखापत होऊन पडला, म्हणून मारिनोसच्या गोलकीपरने बॉल मुद्दाम बाहेर लाथाडला. बॉल उंच गेला आणि खाली आला तो नेमका नागोयाच्या प्रशिक्षकासमोर. प्रशिक्षकाचं वय ४४, अंगात सूट, पायात चामड्याचे फॉर्मल बूट. गड्याने बॉल जमिनीला टेकूच दिला नाही. आला तसा हवेतच टोलवला, आणि साधारण पन्नास मीटरवरून तो थेट मारिनोसच्या जाळ्यात. प्रेक्षकांना काही क्षण कळेना की काय झालं, मग जो गलका उठला! पंचांनी मात्र शांतपणे त्याला मैदानाबाहेर काढलं. नियमाला धरून बरोबरच होतं म्हणा.

आजच्या पोरांना ड्रागान स्टोयकोविच ऊर्फ 'पिक्सी' ठाऊक असतो तो या एवढ्या क्लिपमुळे. माझ्या मते तो त्या पिढीतला युरोपातल्या पहिल्या पाच-सहा मिडफिल्डरपैकी एक होता. त्याचा पाय कधी कमी पडला नाही. आडवं आलं ते भलतंच: धुकं, गुडघा, संयुक्त राष्ट्रांचा ठराव. म्हणून हा धागा.

जन्म ३ मार्च १९६५, सर्बियातलं निश शहर. पिक्सी हे टोपणनाव लहानपणी आवडणाऱ्या कार्टूनमधल्या उंदरावरून पडलं. गावच्या रादनिच्की क्लबमधून खेळतानाच १९८४ च्या युरो स्पर्धेसाठी युगोस्लाव्हियाच्या संघात गेला, त्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकचं कांस्यपदकही मिळालं. १९८६ साली बेलग्रेडच्या रेड स्टारने उचलला. चारच हंगाम खेळला तिथे, पण क्लबने त्याला 'रेड स्टारचा तारा' हा मान दिला. क्लबच्या पूर्ण इतिहासात त्याच्याआधी फक्त चौघांना मिळाला होता तो.

पहिला फटका धुक्याचा. नोव्हेंबर १९८८, युरोपियन कप, समोर अरिगो साक्कीचं मिलान. सान सिरोवरची पहिली मॅच १-१, रेड स्टारचा गोल पिक्सीचा. बेलग्रेडच्या परतीच्या मॅचला मध्यंतरानंतर साविचेविचने गोल मारून १-० केलं आणि धुकं असं उतरलं की समोरचा माणूस दिसेना. मॅच थांबवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ०-० पासून सुरू! फान बास्टनने गोल केला, पिक्सीने फेडला, १-१, आणि पेनल्टींवर मिलान पुढे गेलं. पुढे कप त्यांनीच जिंकला आणि साक्कीच्या त्या संघाची पुराणं झाली. बेलग्रेडची म्हातारी माणसं अजून म्हणतात, धुकं अर्ध्या तासाने उशिरा उतरायला हवं होतं.

मग १९९० चा वर्ल्ड कप, इटली. २६ जून, वेरोना, स्पेनविरुद्ध. हा पहिला गोल ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी आधी शोधून पाहा, मग पुढचं वाचा. डावीकडून वुयोविचचा क्रॉस येतो, कातानेच डोक्याने मागे सरकवतो, आणि बॉल पलीकडच्या बाजूला एकट्या उभ्या पिक्सीकडे हवेतून उतरतो. पाय मागे जातो. सगळ्या स्टेडियमला वाटतं, आता व्हॉली, म्हणजे हवेतच टोला. मार्तिन वास्केसलाही तेच वाटतं आणि तो अडवायला जमिनीवरून घसरत येतो. पिक्सी मारतच नाही. आलेला बॉल पायावर मऊ झेलून खाली ठेवतो, वास्केस समोरून घसरत निघून जातो, आणि मग हा निवांत कोपऱ्यात सरकवून देतो. उणापुरा दीड सेकंद असेल. स्पेनने बरोबरी केली, तर जादा वेळेत भिंतीला वळसा घालणारी फ्री किक मारून हिशेब मिटवला. २-१.

चार दिवसांनी फ्लोरेन्सला मॅराडोनाचं अर्जेंटिना. अर्ध्या तासातच शाबानाजोविचला लाल कार्ड. उरलेली मॅच आणि पूर्ण जादा वेळ दहा जणांनी ०-० काढला, आणि त्या दिवशी मैदानावरचा उत्तम दहा नंबर मॅराडोना नव्हता. पेनल्टींत युगोस्लाव्हियाकडून पहिला गेला पिक्सी. बॉल गोलच्या वरच्या बारवर. पुढे मॅराडोनाची पेनल्टी इव्कोविचने अडवली तरी शेवटी ३-२ ने अर्जेंटिना.

त्याच उन्हाळ्यात फ्रेंच क्लब मार्सेयने (मालक बर्नार तापी) त्याला नेलं. तिथे जेमतेम रुळतोय तोवर गुडघा गेला, ऑपरेशन झालं, हंगामातला मोठा भाग बाकावर. आणि २९ मे १९९१ ला युरोपियन कपची फायनल, इटलीतलं बारी शहर. मार्सेय विरुद्ध... रेड स्टार.

रेड स्टारचे कोच ल्युप्को पेट्रोविच यांनी संघाला बचाव धरून बसवलं होतं. इतके गुणी खेळाडू असताना इतकी रटाळ फायनल क्वचितच झाली असेल. १२० मिनिटं ०-०. जादा वेळ संपत आला तेव्हा मार्सेयचे कोच गोएताल्स यांनी पिक्सीला आत पाठवलं. कशासाठी हे उघड आहे. पण पेनल्टींची वेळ आली तेव्हा त्याने नकार दिला: रेड स्टारवर मी मारणार नाही. आमोरोसची पहिलीच पेनल्टी अडवली गेली. रेड स्टारने पाचही मारल्या, प्रोसिनेच्की, बिनिच, बेलोदेदिच, मिहायलोविच आणि शेवटी पान्चेव. ५-३. जुना क्लब युरोपचा राजा झाला आणि हा हरलेल्यांच्या जर्सीत उभा.

पुढचं भराभर सांगतो, कारण ते आठवायलाही नको वाटतं. एक हंगाम वेरोनाला उसनवारीवर, तो क्लब खालच्या डिव्हिजनला घसरला. १९९३ मध्ये मार्सेयने चॅम्पियन्स लीग जिंकली तेव्हा हा मैदानात नव्हता. मग लाचखोरीचं प्रकरण फुटलं आणि मार्सेयचं सगळंच विस्कटलं. देशाच्या संघावर १९९२ पासून बंदी. १९९४ च्या उन्हाळ्यात, वयाच्या २९ व्या वर्षी, जपानमध्ये नुकत्याच सुरू झालेल्या लीगमधल्या तळाजवळच्या क्लबात हा गेला. लोक म्हणाले, संपला.

प्रशिक्षक म्हणूनची कारकीर्द प्रतिसादात लिहितो, हेच फार लांबलं.

नुसतंच वाचणारी

फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, तरी शेवटपर्यंत वाचलं. एक बाळबोध शंका. पेनल्टी मारायला 'नाही' म्हणता येतं? आणि फक्त त्याच कामासाठी पाठवलेल्याने म्हटलं तर क्लबवाले गप्प बसतात?

दहानंबरी

@नुसतंच वाचणारी, येतं की. पाच जणांची नावं कोच ठरवतो, पण नको म्हणणाऱ्याला बळेच पाठवत नाहीत, कारण कचरणारा हमखास चुकवतो. मार्सेयमध्ये कुणाला आवडलं नसणार हे वेगळं सांगायला नको.

खडूस गोलकीपर

लेख छान, पण एक आरती ओवाळायची राहिली वाटतं.

मी पंधरा वर्षं कंपनी लीगला गोलात उभा राहिलोय, त्यामुळे या विषयावर मला मत आहे. पगार मार्सेयचा, जर्सी मार्सेयची, कोचने आत घेतलं ते फ्री किक-पेनल्टीसाठी, आणि ऐनवेळी 'माझं मन होत नाही'? मग मॅचच्या आदल्या दिवशी सांगायचं होतं, कोचने दुसरा कुणी आत घेतला असता. आमोरोस बिचारा डिफेंडर, तो गेला पहिला. त्याच्या नावावर हार लागली ती कायमची. याला मात्र 'निष्ठावंत' म्हणून हारतुरे.

शिवाय वर्षभरापूर्वी फ्लोरेन्सला चुकवलेली होती. निष्ठा किती आणि धसका किती, हे त्याचं त्यालाच माहीत.

कोल्हापुरी तांबडा

खडूस भाऊ, तुम्ही कोल्हापुरात फुटबॉल बघितला नाही हे एका वाक्यात कळलं. पाटाकडील तालमीत वाढलेलं पोरगं उद्या दिलबहारकडनं खेळायला लागलं, आणि शाहू स्टेडियमवर फायनल पेनल्टीवर आली, तर त्याला विचारा तू मारणार का. मारली तर पेठेत कुठल्या तोंडानं जाणार? आणि चुकवली तर दिलबहारवाले म्हणणार मुद्दाम चुकवली. दोन्हीकडनं मरण! त्यापेक्षा 'मी नाही' म्हणणारा मला तरी शहाणा वाटतोय.

आणि त्या वेरोनाच्या गोलबद्दल, दहानंबरी, नाद खुळा लिहिलंय. लगेच शोधून बघितला. तो वास्केस घसरत जातोय ते बघून हसूच आलं राव, थांबायलाच तयार नाही गडी.

अप्पा बोलतोय

धागा वाचून बरं वाटलं. इटलीचा तो वर्ल्ड कप आम्ही दूरदर्शनवर रात्री जागून पाहिला. आमच्याकडे निम्मे मॅराडोनाचे, निम्मे कॅमेरूनचे. युगोस्लाव्हियाला कुणी वाली नव्हता, स्पेनच्या मॅचनंतर झाला.

बंदीबद्दल लेखकाने एका ओळीत उरकलंय, थोडी भर घालतो. बारीची फायनल मे अखेरची. २५ जून १९९१ ला स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं, म्हणजे महिनाही उलटला नव्हता. रेड स्टारच्या त्या संघात सर्ब, मॉन्टेनेग्रोचा साविचेविच, मॅसेडोनियाचा पान्चेव, क्रोएशियन बापाचा प्रोसिनेच्की असे सगळे एकत्र होते. फायनल जिंकली तेव्हा देश फुटायच्या बेतात आलेला. तरी युगोस्लाव्हिया १९९२ च्या युरोला पात्र ठरला. मे १९९२ मध्ये कोच इविका ओसिम यांनी राजीनामा दिला. ते सारायेव्होचे आणि सारायेव्होला वेढा पडला होता. आठवडाभरात संयुक्त राष्ट्रांचे निर्बंध आले. संघ स्वीडनला पोहोचलेला होता, तिथून परत धाडला. ऐनवेळी जागा भरायला डेन्मार्कला बोलावलं, आणि डेन्मार्कने कप जिंकला! पुढे १९९४ चा वर्ल्ड कप आणि १९९६ चा युरोही हुकला. स्टोयकोविचचं २७ ते ३१ हे वय त्यात गेलं. फुटबॉलपटूची तीच तर ऐन उमेदीची वर्षं.

अवांतर: सर्बियन प्रशिक्षकांचा आणि आपला संबंध जुना आहे. १९८४ साली सिंगापूरच्या एशियन कपला भारत खेळला, तोही १९६४ नंतर पहिल्यांदा, तेव्हा आपले कोच होते मिलोवान चिरिच. रेड स्टारचे माजी प्रशिक्षक. हरलो बऱ्याच मॅच, पण इराणला ०-० वर रोखलं होतं. आजच्या पिढीला चिरिच हे नावही माहीत नसतं.

पूर्वेची झुळूक

नागोयात राहून बरीच वर्षं झाली, तेव्हा इकडची थोडी बातमी. नवरा टोयोटाच्या एका पुरवठादार कंपनीत आहे, आणि ग्रॅम्पस हा मुळात टोयोटाचा क्लब, त्यामुळे फुटबॉल न पाहताही घरात तो आपोआप येतो.

इथल्या माझ्या वयाच्या शेजारणींना पिक्सी म्हटलं की आधी पावसातली मॅच आठवते. १९९४ ची. मैदानात इतकं पाणी साठलेलं की बॉल पुढे सरकेचना, पास दिला की डबक्यात अडकायचा. तर हा बॉल पायाने हवेतच उडवत उडवत पुढे घेऊन गेला, खाली पडूच दिला नाही. लोक छत्र्या मिटून उभे राहिले म्हणतात. त्याची क्लिप अजून इथल्या टीव्हीवर लागते.

दुसरी आठवण चांगली नाही, पण त्याचीच आहे. सुरुवातीला पंचांशी रोज वाद, कार्डांवर कार्डं. १९९५ मध्ये आर्सेन वेंगर कोच म्हणून आले (हो, पुढे आर्सेनलला गेलेले तेच) आणि चित्र पालटलं. त्या वर्षी पिक्सी लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. एम्परर्स कपची फायनल इथे १ जानेवारीला असायची, नवीन वर्षाचं मोठं प्रस्थ. १९९६ च्या पहिल्या दिवशी ग्रॅम्पसने तो जिंकला, आणि चार वर्षांनी २००० च्या पहिल्या दिवशी पुन्हा. दोन्ही वेळा समोर हिरोशिमा. दुसऱ्या फायनलमध्ये त्याने डिफेंडरना नुसत्या हुलकावण्या देत देत जो गोल केला, तो माझ्या सासूबाईंनासुद्धा दाखवलाय, आणि त्या म्हणाल्या, "हा मुलगा मारत का नाहीये?"

मार्च १९९९ ला नाटोने सर्बियावर बाँबहल्ले सुरू केले, तेव्हा जर्सीखाली हल्ले थांबवा अशा अर्थाचा शर्ट घालून तो खेळला आणि सगळ्या स्टेडियमसमोर तो दाखवला, हेही इथले लोक सांगतात.

दहानंबरी

सर्वांचे आभार. अप्पा, चिरिचांबद्दल स्वतंत्र धागा काढाच. झुळूकताई, सासूबाईंना साष्टांग नमस्कार, नेमकं निदान केलंय.

आता प्रशिक्षकाचा भाग.

बंदी उठल्यावर तो १९९८ चा वर्ल्ड कप कर्णधार म्हणून खेळला, जर्मनीविरुद्ध गोल केला (२-० ने पुढे असलेली ती मॅच २-२ झाली, हेही त्याच्या नशिबाला साजेसंच), मग २००० चा युरो. देशाकडून ८४ मॅच, १५ गोल. २००१ ला नागोयातच बूट टांगले. लगोलग देशाच्या फुटबॉल संघटनेचा अध्यक्ष, मग २००५ ते २००७ रेड स्टारचा अध्यक्ष. या खुर्च्यांबद्दल मी फार लिहिणार नाही. बेलग्रेडच्या फुटबॉलमधलं राजकारण हा वेगळाच चिखल आहे आणि त्यातून कुणाचेच कपडे स्वच्छ निघालेले नाहीत.

२००८ मध्ये नागोयाने त्याला थेट मुख्य प्रशिक्षक केलं. अनुभव शून्य. त्याआधी एकही क्लब सांभाळलेला नव्हता. जपानमध्ये अनेकांनी ही जाहिरातबाजी धरली. पहिल्याच हंगामात संघ तिसरा आला. दुसऱ्या वर्षी एशियन चॅम्पियन्स लीगच्या उपांत्य फेरीत. आणि २०१० मध्ये नागोयाने क्लबच्या इतिहासातली पहिली लीग जिंकली, ७२ गुणांनी, दुसऱ्यापेक्षा दहा गुण जास्त. वेंगरला जे तिथे जमलं नव्हतं ते याला जमलं.

कसं जमलं ते बघण्यासारखं आहे, कारण खेळाडू पिक्सी आणि प्रशिक्षक पिक्सी यांत फरक जमीन-अस्मानाचा. स्वतः खेळताना नक्षीकाम. पण संघ बांधला तो अगदी सरळसोट. पुढे ऑस्ट्रेलियाचा जोशुआ केनेडी, खांबासारखा उंच, दोन्ही बाजूंनी क्रॉस टाका आणि त्याला डोक्याने मारू द्या. त्या वर्षी तो १७ गोल करून लीगच्या अव्वल गोलकर्त्यांत होता. मागे उरावाहून आणलेला तुलिओ, मध्ये कोलंबियाचा डॅनिल्सन फक्त तोडफोडीला. आणि गोलात नाराझाकी, जो पिक्सीबरोबर खेळलेला होता. त्या हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू नाराझाकीच ठरला. गोलकीपरला हा मान! (खडूसभाऊ, हे खास तुमच्यासाठी.) विजेतेपद नक्की झालं ते शोनानला, तामादाच्या एका गोलवर, १-०. पुढच्या वर्षी काशिवाने एका गुणाने मागे टाकलं, ७२ विरुद्ध ७१. त्यानंतर संघ म्हातारा होत गेला, नवी भरती नीट झाली नाही, आणि २०१३ अखेर तो निघाला.

२०१५ ते २०२० चीनमध्ये ग्वांगझू आर अँड एफ. शहरातला दुसरा क्लब, पहिल्याकडे पैशाचा डोंगर. विजेतेपद नाही, पण इस्रायलच्या एरान झाहावीने त्याच्या हाताखाली गोलांचा पाऊस पाडला, २०१९ ला २९ गोल करून लीगचा विक्रमच केला. बचाव मात्र चाळणी. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मार्च २०२१ ला सर्बिया. आधीच्या नोव्हेंबरात बेलग्रेडला स्कॉटलंडने पेनल्टींवर हरवून युरोचं तिकीट हिसकावलं होतं, आणि शेवटची पेनल्टी चुकवणारा होता अलेक्सांदर मित्रोविच. देशभर टीका. पिक्सीने त्यालाच मुख्य आघाडीवीर ठेवलं. १४ नोव्हेंबर २०२१, लिस्बन. पोर्तुगालने दुसऱ्याच मिनिटाला गोल केला, तादिचने फेडला, बरोबरी झाली असती तरी पोर्तुगाल वर्ल्ड कपला. ९० व्या मिनिटाला तादिचचा क्रॉस आणि लांबच्या पोस्टजवळ डोकं मित्रोविचचं. २-१. रोनाल्डोचा संघ प्लेऑफला, सर्बिया थेट कतारला. पेनल्टी चुकवलेल्या माणसाच्या पाठीशी कोण उभं राहिलं हे पाहिलं की मला त्यात फ्लोरेन्सचा बार दिसतो. हा माझा अंदाज समजा.

खडूस गोलकीपर

नाराझाकीबद्दल धन्यवाद, ते माहीत नव्हतं.

पण गाडी लिस्बनला का थांबवली? पुढची स्टेशनं मी सांगतो. कतार २०२२: ब्राझीलकडून ०-२. कॅमेरूनविरुद्ध ३-१ ने पुढे असताना डिफेन्स हाफलाइनपर्यंत वर चढवून ठेवला, अबूबकर बदली म्हणून आला, मागच्या मोकळ्या मैदानात धावला, एक स्वतः मारला आणि एक दुसऱ्याला मारू दिला, तीन-चार मिनिटांत ३-३. स्वित्झर्लंडकडून २-३. तीन मॅच, पाच मारले, आठ खाल्ले, गटात शेवटचे. युरो २०२४: तीन मॅचमध्ये एक गोल, तोही स्लोव्हेनियाविरुद्ध ९५ व्या मिनिटाला योविचचा. पुन्हा गटात शेवटचे. सप्टेंबर २०२५: इंग्लंडकडून बेलग्रेडमध्ये ०-५. ऑक्टोबर: अल्बेनियाकडून घरी ०-१, आणि राजीनामा.

व्लाहोविच, मित्रोविच, तादिच, मिलिंकोविच-साविच, कोस्तिच. एवढा माल हातात असताना हे? तुम्हीच लिहिलंत चीनमध्ये बचाव चाळणी होता म्हणून.

दहानंबरी

माल होता, कबूल. पण कतारला जाताना मित्रोविच, व्लाहोविच, कोस्तिच तिघेही दुखापतीतून उठलेले किंवा दुखापतीतच होते. कॅमेरूनच्या मॅचबद्दल मात्र बचाव करणार नाही. ३-१ ने पुढे असताना डिफेन्स इतका वर ठेवणं हे प्रशिक्षकाचंच पाप. तीन डिफेंडर, दोन विंगबॅक, वर तादिच आणि दोन आघाडीवीर, ही मांडणी त्याला सोडवेना. जर्मनीतल्या युरोत (२०२४) जेव्हा बचाव सावरला तेव्हा पुढचं इंजिन बंद पडलं.

दुसरी बाजूही बघा. युरो २०२४ ही स्वतंत्र सर्बियाची पहिलीच युरो स्पर्धा. त्याआधी सगळे प्रशिक्षक पात्रता फेरीतच गळाले होते. लागोपाठ दोन मोठ्या स्पर्धांना संघ नेणारा हा एकटाच. आणि योगायोग असा की त्या युरोची पात्रता पक्की झाली लेस्कोवाच गावच्या मैदानावर, नोव्हेंबर २०२३, बल्गेरियाशी २-२. अल्बेनियाची ती हारही लेस्कोवाचलाच. मॅनायचा एक गोल, मध्यंतराच्या तोंडावर. कोसोवोवरून इतकं वैर असताना अल्बेनियाकडून घरी हरणं म्हणजे सर्बियात काय, हे अप्पांना सांगायला नको. राहूच शकला नसता तो.

फातोर्डेकर

उशिरा आलो. मडगावचा असल्यामुळे सर्बियन कोच म्हटल्यावर गप्प बसवत नाही.

२००८-०९ ला आमच्या चर्चिल ब्रदर्सने आय-लीग जिंकली. कोच कोण? झोरान जॉर्जेविच, सर्बियाचे. तो हंगाम ओडाफाचा म्हणून लोक लक्षात ठेवतात, २६ गोल, फातोर्ड्याला त्याच्या पायात बॉल गेला की गॅलरी आधीच उठून उभी. पण साइडलाइनवर हा बाबा. पंचावन्न ओलांडलेला, आवाज खणखणीत, मैदानापेक्षा त्याच्याकडेच बघत बसावं. पुढे तो बांगलादेशला गेला आणि २०१० च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत ढाक्याला सुवर्ण मिळवून दिलं, फायनलला अफगाणिस्तान, ४-०. त्याहून भन्नाट म्हणजे २०१२ ला नव्याने जन्मलेल्या दक्षिण सुदानचा राष्ट्रीय कोच तोच. देशाची पहिली अधिकृत मॅच युगांडाशी २-२.

पिक्सीसारखं खेळाडू म्हणून मोठं नाव नाही. पण बॅग भरून कुठेही जायचं, भाषा येवो न येवो, हा त्या लोकांचा जुना धंदाच दिसतो.

अप्पा बोलतोय

@फातोर्डेकर, त्या धंद्याचे मूळ पुरुष बोरा मिलुटिनोविच. पाच वर्ल्ड कप, पाच वेगळे देश: १९८६ मेक्सिको, १९९० कोस्टारिका, १९९४ अमेरिका, १९९८ नायजेरिया, २००२ चीन. पहिले चारही संघ त्यांनी बाद फेरीत नेले. स्वतःच्या देशाचा संघ मात्र वर्ल्ड कपला कधी नेला नाही. आणि झुळूकताई, तुमच्या जपानने तर युगोस्लाव्ह कोचांची रांगच लावली. मी वर ज्या ओसिमांचं लिहिलं ते पुढे जेफ युनायटेडचे आणि मग जपानच्या राष्ट्रीय संघाचे कोच झाले.

पूर्वेची झुळूक

हो अप्पा, ओसिम वारले तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत कितीतरी दिवस लेख येत होते.

नुसतंच वाचणारी

पेनल्टीचा निकाल लागला का मग? मी कोल्हापूरकरांच्या बाजूने आहे.

खडूस गोलकीपर

नाही लागला. नवा पुरावा दाखल करतो. २९ जून १९९८, तुलूझ, नेदरलँड्सविरुद्ध बाद फेरी. १-१ असताना युगोस्लाव्हियाला पेनल्टी. कर्णधार स्टोयकोविच मैदानात उभा. मारली कुणी? मियातोविचने. बारवर. शेवटच्या क्षणी डेव्हिड्सने गोल मारला आणि घरी. तिथे तर समोर रेड स्टार नव्हता ना?

दहानंबरी

मियातोविच तेव्हा रिआल माद्रिदचा, महिनाभरापूर्वी चॅम्पियन्स लीगच्या फायनलचा एकमेव गोल त्याचा. त्याच्या हातात बॉल असताना काढून घ्यायचा का? आणि पुराव्याला पुरावा: १९८४ चा युरो, सेंट एटिएन, यजमान फ्रान्स, प्लातिनीची हॅटट्रिक झालेली. युगोस्लाव्हियाला मिळालेली पेनल्टी मारली १९ वर्षांच्या पिक्सीने. गोल. घाबरट पोरगं पुढे येत नाही तिथे.

खडूस गोलकीपर

१९ व्या वर्षी गमवायला काही नसतं म्हणून येतात पुढे. २६ व्या वर्षीचं बोला.

कोल्हापुरी तांबडा

खडूस भाऊ, सीझन सुरू झाला की या शाहू स्टेडियमवर. पाटाकडील-दिलबहार मॅच दाखवतो, तिकीट माझं. गॅलरीत बसून हेच वाक्य मोठ्यानं म्हणा, मग बघू कोण वाचवतंय.